वस्ती जठरात, करणी मोठ्या आतड्यात

आपल्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की अन्नपाण्याबरोबर पोटात गेलेले बहुतेक जंतू तिथेच संपतात. आणि नेमकी हीच जागा एका जिवाणूने राहायला निवडली आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचं नाव. पीळदार शरीर, एका टोकाला चार-सहा बारीक तंतूंचा झुपका. जठरात नैसर्गिकपणे असलेला युरिया तो फोडतो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि त्याच्याभोवतीचं आम्ल तेवढ्यापुरतं निवळतं. मग तो तंतू हलवत जठराच्या भिंतीवरच्या बुळबुळीत थरात शिरतो आणि तिथे ठाण मांडतो. लागण बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून होते, आणि उपचार केले नाहीत तर जन्मभर टिकते. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या पोटात तो आहे असं मानलं जातं. आल्प्स पर्वतातल्या बर्फात सापडलेल्या 5300 वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ नावाच्या माणसाच्या जठरातही त्याचे जनुकीय अवशेष मिळाले.

इतका जुना सोबती, पण विज्ञानाला तो नीट दिसला 1980च्या आसपास. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला जठराच्या तुकड्यांमध्ये हे जिवाणू पुन्हा पुन्हा दिसत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याच्या जोडीला आला. प्रयोगशाळेत मात्र जिवाणू काही वाढेनात, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही तर बशा टाकून द्यायच्या, अशी तिथली रीत होती. 1982च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा पाच दिवस तशाच राहिल्या, आणि हे सावकाश वाढणारे जिवाणू उगवले. 1984 साली मार्शलने हे जिवाणू मिसळलेलं द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याआधीच, 1994 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला जठराच्या कर्करोगाचं निश्चित कारण म्हणून पहिल्या गटात टाकलं होतं.

इथवरची गोष्ट जठराची. मला थक्क करतं ते पुढचं. जठर संपल्यावर सुमारे सहा मीटर लहान आतडं, आणि त्यानंतर मोठं आतडं. इतक्या दूर या जिवाणूची वस्ती नसते. तरीही त्याच्या संसर्गाचा संबंध मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी दिसतो आहे.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या वैद्यकीय नोंदींचा एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. 1999 ते 2018 या काळात या जिवाणूची तपासणी झालेली आठ लाखांहून अधिक माणसं त्यात होती. संसर्ग निघालेल्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण 18 टक्क्यांनी जास्त होतं. संसर्ग असूनही उपचार न झालेल्यांमध्ये ते उपचार झालेल्यांपेक्षा 23 टक्क्यांनी जास्त, आणि त्या कर्करोगाने होणारे मृत्यू 40 टक्क्यांनी जास्त होते.

आकडे मोठे वाटतात, पण त्यांच्यावर उडी घेऊ नये. हा संसर्ग दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरांत जास्त आढळतो, आणि गरिबीबरोबर इतरही अनेक गोष्टी येतात. आपल्याच देशाकडे पाहा. भारतात हा संसर्ग घरोघरी आहे, पण मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी. जठराच्या कर्करोगाबाबतही तसंच, म्हणून संशोधक त्याला ‘भारतीय कोडं’ म्हणतात. एकट्या जिवाणूने कर्करोग होत असता तर आपलं चित्र वेगळं दिसलं असतं. आहार, वजन, तंबाखू, आनुवंशिकता हे सगळं मध्ये येतं.

मग हा निव्वळ योगायोग म्हणावा का? म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेले उंदरांवरचे प्रयोग वाचल्यावर मला तसं म्हणवत नाही. आतड्यात गाठी होण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेले उंदीर त्यांनी घेतले आणि काहींच्या जठरात हा जिवाणू सोडला. त्या उंदरांच्या आतड्यांत गाठी जास्त झाल्या. का, हे शोधताना दिसलं की आतड्यांतली संरक्षक व्यवस्थाच बदलली होती. दाहाला आवर घालणाऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, दाह भडकवणाऱ्या वाढल्या होत्या. आतड्याला अस्तरासारखा बुळबुळीत थर पुरवणाऱ्या पेशी घटल्या होत्या, आणि तो थर खाऊन जगणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढली होती. म्हणजे जठरातल्या एका रहिवाशामुळे इतक्या लांब असलेल्या वस्तीची लोकसंख्याच पालटली! असेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले तेव्हा गाठींचा जोर ओसरला. म्हणजे आतड्यांतल्या इतर जिवाणूंचाही यात हात होता. आणि संसर्गानंतर लवकर प्रतिजैविकं दिली, तर गाठींचं प्रमाण संसर्ग न झालेल्या उंदरांइतकं खाली आलं. संसर्ग असलेल्या माणसांच्या मोठ्या आतड्याचे तुकडे तपासले, तर तिथेही असेच बदल सापडले.

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण चुकीच्या जागी धावणाऱ्यासाठी वापरतो. इथे सोमेश्वरी गेलेला बंब रामेश्वरची आग थोडी तरी विझवतो आहे, असं दिसतं. थोडीच, हेही खरं. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात पंधरा वर्षांत उपचारांमुळे झालेला फायदा हजार माणसांमागे दोन-तीन इतकाच होता. शिवाय आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन प्रतिजैविकं, बहुधा चौदा दिवस, हा उपचार मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंनाही हलवून सोडतो, आणि भारतात या औषधांना दाद न देणारे जिवाणू पुष्कळ आहेत. म्हणून सरसकट सगळ्यांना औषध देण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण जठरात किंवा त्यालगत अल्सर आहे, घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला आहे, अपचन महिनोन्महिने सुटत नाही, अशांनी तपासणी करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

त्यातली एक तपासणी ऐकून तर आनंदच होतो. कार्बन-13 घातलेला युरिया पाण्यातून प्यायला देतात. जठरात हा जिवाणू असेल तर तो हा युरिया फोडतो, खूण केलेला कार्बन रक्तातून फुप्फुसात जातो आणि थोड्याच वेळात एका पिशवीत फुंकलेल्या श्वासात सापडतो. ज्या युक्तीने हा जिवाणू आम्लात जगतो, तिनेच तो पकडला जातो. अडचण एवढीच की आपल्याकडे ‘पित्त झालंय’ म्हणून आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या लोक वर्षानुवर्षं रोज घेतात, आणि त्या चालू असताना जिवाणू असूनही तपासणीत न दिसण्याची शक्यता असते. म्हणून डॉक्टरांना विचारून त्या दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वास पुन्हा तपासतात, तेव्हाच जिवाणू खरोखर गेला की नाही ते कळतं.