पाय थकले, पण समुद्र सुटेना!

आमचे शिवथर डोंगरातले. पावसाळ्यात घळीशी धबधबा कोसळतो, तेवढेच काय ते आमचे पाणी! तरी मला नाद लागला समुद्रतळाचा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बुडी मारायला परवानगी दिली. पण तारकर्लीच्या पाण्यात पायांतले फ्लिपर काही रेटवेनात. तेव्हा पाण्याखालची स्कूटर पाहू लागलो. बॅटरीवर फिरणारा पंखा पुढे, आणि मागे ओढले जाणारे आपण!

विक्रेते आधी वेग सांगतात. दुबळ्या पायांच्या माणसाने मात्र ओढ कशावर येते ते पाहावे. हातांत धरायच्या छोट्या स्कूटरने पाय वाचतात, पण खांदे भरून येतात. मोठीला दोरी असते. ती कमरेच्या पट्ट्यात अडकवली की हाताला केवळ दिशा देण्याचे काम उरते. खटका सोडताच पंखा थांबला पाहिजे आणि पाण्यात स्कूटर ना बुडावी, ना वर धावावी. विमानाने जाणाऱ्यांनी बॅटरीही पाहावी: १६० वॉट-तासांपुढची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. मालवणच्या एस.टी.त बसणाऱ्याला त्याचे काय!

खरी मेख पुढेच आहे. यंत्र खोल पाण्यात बंद पडले तर? धडधाकट माणूस पाय मारीत परततो. मी कसा परतणार? शिवाय स्कूटरच्या जोरावर झपाट्याने वर येणे फुप्फुसांना घातक.

शेवटी दोरीवाली, मंद चालणारी घेतली. एकतृतीयांश बॅटरी संपली की मागे फिरायचे ठरले, आणि मला ओढून आणण्याचा सराव जोडीदाराकडून किनाऱ्याजवळच दोनदा करवून घेतला.