कूट कशासाठी घालतो आपण?

घरच्या एका मुंजीत आचाऱ्याला मी स्वतः विचारलं होतं, “कोशिंबिरीत शेंगदाणे आहेत का हो?” “नाही ताई, कोशिंबिरीत दाणे कशाला घालीन?” तो खोटं बोलत नव्हता. त्यानं कूट घातलं होतं.

आपल्याकडे शेंगदाणा आणि कूट या जणू दोन वेगळ्या वस्तू आहेत. दाणे पोह्यांत दिसतात, चिवड्यात दाताखाली येतात. कूट मात्र मिठासारखं, हात जाईल तिथं पडतं. भाचीचा सहा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच घासाला ओठ चोळायला लागला, मग अंगावर गांधी उठल्या, मग खोकला. ती रात्र दवाखान्यात गेली. तेव्हापासून आम्ही प्रश्नच बदलले: कूट घातलंय का? तेल कुठलं? वाढायचा डाव तोच का?

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं त्यातल्या प्रथिनांना शत्रू समजणं. दाणा भाजला म्हणून ती प्रथिनं जात नाहीत. उलट कोरडं भाजल्यावर काही प्रथिनं अधिक त्रासदायक होतात. आणि आपण तर भाजल्याशिवाय कूट करतच नाही! तेलाचंही असंच. चांगलं रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण सध्या कौतुकानं आणलं जाणारं लाकडी घाण्याचं तेल अशा घरात नकोच.

सुरुवातीला भाचीनं कुटाऐवजी सगळीकडे काजूची पूड घातली. ते जमलं नाही. महाग पडलं हे एक, शिवाय शेंगदाणा न चालणाऱ्या काहींना काजू-बदामही चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी तपासण्या होईपर्यंत थांबायला सांगितलं. मग आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून एकेक पदार्थ बघायला लागलो: यात कूट नेमकं करतं काय? उत्तर दर वेळी वेगळं आलं.

साबुदाण्याच्या खिचडीत कूट ओल शोषून घेतं, म्हणून दाणा दाण्याला चिकटत नाही. तिथं सुकं खोबरं किसून, मंद भाजून, हातानंच चुरडून घातलं तरी तेच होतं. फक्त साबुदाणा पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा, भिजवताना पाणी हात राखून घालायचं आणि खोबरं कुटाच्या निम्मंच घ्यायचं, नाहीतर खिचडी तेलकट होते. कोशिंबिरीत कूट काकडीचं सुटलेलं पाणी धरून ठेवतं. तिथं डाळ्याची भरड चालते. भुईमूगही कडधान्यांच्याच कुळातला, म्हणून हरभऱ्याची धास्ती वाटते. पण शेंगदाणा न चालणाऱ्या बहुतेकांना डाळी-कडधान्यं चालतात. तरी ते ज्याचं त्यानं डॉक्टरांकडून खात्री करूनच ठरवावं. भरल्या वांग्यात कूट रस दाट करतं, तेल सोडतं आणि किंचित गोडवा देतं. या तिन्ही कामांना मिळून खोबरं, खसखस आणि परतून वाटलेला कांदा लागला. वांगी वेगळी झाली, वाईट नाही झाली. उपासाच्या दाण्याच्या आमटीला मात्र जोड सापडली नाही. शेवटी नारळाचं दूध, आमसूल, जिरं आणि हिरवी मिरची असं काहीतरी केलं. ती दाण्याची आमटी नव्हेच, पण भगरीवर छान लागते.

हे करताना लक्षात आलं की नवं काही शोधावंच लागलं नव्हतं. कुटाचा हा सढळ हात मुख्यतः देशावरचा. घाट उतरून कोकणात गेलं की ओल्या नारळाचं राज्य, विदर्भात जवसाची चटणी, कुठे कारळ्याची. माझ्या सासूबाई रत्नागिरीकडच्या. काकडीवर ओलं खोबरंच घालायच्या आणि आम्ही घाटावरच्या सुना त्यांना हसायचो.

तिळाचं कूट सर्वांत सोपं वाटतं, पण तीळ हाही अ‍ॅलर्जीच्या बड्या पदार्थांपैकीच एक. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना तोही चालत नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांत शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, गव्हासारखी ग्लुटेन असलेली धान्यं वगैरे वेगळी जाहीर करावी लागतात. त्या यादीत तीळ नाही. अमेरिकेत 2023 पासून तो जाहीर करणं सक्तीचं आहे. त्यामुळे तीळ टाळणाऱ्यानं पाकिटावरची घटकांची यादी पूर्ण वाचायची आणि गोड्या मसाल्यात तीळ असतो हे विसरायचं नाही.

पदार्थ बदलला तरी भांडं राहतं. मिक्सरच्या झाकणाच्या रबरात, दगडी खलाच्या खाचांत कूट बसलेलं असतं. भाचीनं मिक्सरचं भांडं वेगळं घेतलं. कांडपावर मसाला देणं सोडलं, कारण तिथं आधीच्या गिऱ्हाइकाची शेंगदाण्याची चटणी कुटलेली असू शकते. प्रवासात नावं बदलतात तेही पाठ केलं: गुजरातेत सिंग, हिंदीत मूंगफली, तेलुगूत पल्ली. हैदराबादेत इडलीबरोबरची चटणी खोबऱ्याची समजून खाऊ नये, ती बरेचदा पल्लीची असते.

“थोडं थोडं देत जा, सवय होईल,” असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. लंडनला झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 640 बाळांच्या अभ्यासाचा दाखलाही मिळतो. लहानपणापासून शेंगदाणा खाल्लेल्यांत पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी 3.2 टक्के, टाळलेल्यांत 17.2 टक्के. आकडे खरे आहेत, पण ती बाळं 4 ते 11 महिन्यांची होती आणि चाचणीत मोठी प्रतिक्रिया दिसलेल्यांना आधीच वगळलं होतं. ज्याच्या अंगावर गांधी उठून गेल्या आहेत त्याच्यावर घरी हा प्रयोग करायचा नाही. श्वासाला त्रास, सतत उलट्या, गळून जाणं असं दिसलं तर औषध अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हेच, मांडीच्या स्नायूत, ताबडतोब. अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही.

मुलाच्या तपासणीत तीळ चालतो असं निघालं, तेव्हा भाचीला रडू आलं. संक्रांत आठवड्यावर होती. एरवी आपल्या तिळगुळात तीळ बेताचा आणि कूट भरपूर. या वेळी तीळ, खोबरं, डाळं आणि चिक्कीचा गूळ एवढंच घेतलं. लाडू जरा कडक झाले. शाळेत सगळ्यांना वाटून आला, आणि त्याला मिळालेले सगळे तिळगूळ खिशातून तसेच काढून आईच्या हातावर ठेवले. मोजून चौदा होते.