क्षयरोगाच्या वॉर्डातून आलेलं औषध

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात 1952 साली क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन पाहिलं, आणि खंगलेली माणसं चक्क आनंदी दिसू लागली. फुप्फुसांसाठी आणलेलं हे औषध 1957 पासून नैराश्यावर वापरात आलं. पुढे यकृताला इजा होते म्हणून ते मागे घ्यावं लागलं. एका दुष्परिणामाने त्याला नाव दिलं, दुसऱ्याने ते पुसलं.

उलट्या बाजूचा धागा मुंबईचा. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. तिच्यातलं रेसर्पिन घेणारे काही रुग्ण मात्र उदास होत. मेंदूतली रसायनं आणि मनःस्थिती यांचा संबंध शोधताना हे निरीक्षणही कामी आलं.

नैराश्यावरच्या आजच्या एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. त्यामुळे मळमळ, जुलाब आधी होतात. मनाला उतार पडायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमकं याच काळात लोक गोळी सोडतात. पोटाचा त्रास बहुधा लवकर ओसरतो. लैंगिक इच्छा कमी होणं मात्र टिकू शकतं आणि ते लाजेपोटी कुणी सांगत नाही. सांगावं, डॉक्टर औषध बदलू शकतात.

गोंदिया जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी जपायला हव्यात. इथे सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यांच्या वेदनेवर कधी ट्रामाडॉल देतात; औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर लिनेझोलिड. दोन्हींपैकी कशाचीही नैराश्याच्या गोळ्यांशी गाठ पडली तर सेरोटोनिन वाढून थरथर, ताप, छातीत धडधड, बेचैनी होऊ शकते. तेव्हा थेट दवाखाना गाठावा. असं होऊ नये म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना जुने सगळे कागद दाखवा. दुसरी गोष्ट म्हाताऱ्यांची: या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम घटून माणूस गोंधळू शकतो, तोल जाऊ शकतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा घरचे ‘ऊन लागलं’ म्हणून मोकळे होतात. रक्त तपासून घ्यावं.

पंचविशीखालच्या रुग्णांत सुरुवातीला किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावं. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या जास्त घेतल्या तर हृदयावर बेततं. त्या घरातल्या जबाबदार माणसाकडे असाव्यात. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करू नये. चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटतं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

रात्री-अपरात्री मन फारच खचलं, तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो.