दोन थरांमधला रंग

समुद्राच्या लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे झेपावण्याच्या खेळासाठी जी लांबट, निमुळती फळी वापरली जाते तिला सर्फबोर्ड म्हणतात. हवाई बेटांत जन्मलेला आणि विसाव्या शतकात कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर रुजलेला हा खेळ जितका शरीराच्या तोलाचा, तितकाच फळीच्या बांधणीचाही आहे. या फळ्यांवरच्या ज्वाळा, सूर्यास्त आणि एकमेकांत विरत जाणारे रंगपट्टे वरून रंगवले असावेत असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु एअरब्रशने रंगवलेल्या अनेक फळ्यांत तो रंग पृष्ठभागावर नसतोच. मोटारीचा किंवा होडीचा रंग कामाच्या शेवटी चढतो, तर सर्फबोर्डचा रंग बहुधा फोमचा गाभा आणि त्यावरचे काचतंतूंचे कवच यांच्या मधोमध बसतो. त्यामुळे रंगाची निवड हा तेथे केवळ शोभेचा प्रश्न न राहता फळीच्या मजबुतीचा प्रश्न होतो, आणि पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांना या व्यवसायात मिळालेले स्थान याच कारणाने आहे.

हे समजण्यासाठी फळीची रचना पाहावी लागते. पूर्वी बाल्सासारख्या हलक्या लाकडापासून फळ्या घडवत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे गाभे वापरात आणले आणि लाकूड मागे पडले. साच्यातून निघालेल्या या गाभ्याला ब्लँक म्हणतात. त्याच्या मधोमध बहुधा लाकडाची पातळ पट्टी असते. कारागीर रंधा आणि पॉलिश पेपरने ब्लँकला हवा तो आकार देतो, मग त्यावर काचतंतूंचे कापड अंथरून ते पातळ, पारदर्शक रेझिनने भिजवले जाते. रेझिन कडक झाले की कापड आणि फोम एकजीव होऊन कवच तयार होते. त्यावर रेझिनचा आणखी एक हात देऊन कापडाची वीण बुजवतात आणि पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात.

आरंभीच्या फोमच्या फळ्यांना रंग देण्याचा रूढ मार्ग म्हणजे रेझिनमध्येच रंगद्रव्य मिसळणे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात फळ्या आखूड आणि हलक्या होऊ लागल्या, तेव्हा रंगीत रेझिनच्या जाड थरांचे वजन खटकू लागले. दाबाखालच्या हवेने रंगाचे सूक्ष्म तुषार उडवणारे एअरब्रश हे पेनाएवढे हत्यार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छायाचित्रे सुधारण्यासाठी वापरात होते. तेच आता घडवलेल्या फोमवर थेट चित्र काढण्यासाठी हाती घेतले गेले. तुषारांच्या थराचे वजन नगण्य असते आणि एका रंगातून दुसऱ्या रंगात विरत जाणारी छटा त्याच्याइतकी सहज कुंचल्याने साधत नाही. 1970 आणि 1980 च्या दशकांतील फळ्यांचे भडक, चमकदार रूप बरेचसे या हत्याराने घडवलेले आहे.

मात्र फोम आणि रेझिन यांच्या मधे बसणाऱ्या रंगाला दोन्हींकडून परीक्षा द्यावी लागते. खालच्या फोमला त्याने इजा करता कामा नये आणि वरून ओतलेल्या रेझिनमध्ये त्याने विरघळता कामा नये. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन हे तीव्र द्रावक असते, आणि द्रावकात पुन्हा विरघळणारा लॅकरसारखा रंग त्याखाली असेल तर रेझिन पसरताना तो ओघळून रेषा फिसकटतात. पाण्यातल्या ॲक्रिलिकची जडणघडण वेगळी आहे. त्यात ॲक्रिलिक या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि रंगद्रव्य पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. एकदा तयार झालेला हा पापुद्रा पाण्यात पुन्हा विरघळत नाही आणि रेझिन कडक होईपर्यंतच्या थोड्या वेळात स्टायरिनलाही सहसा दाद देत नाही.

खालच्या फोमची बाजू तर आणखी महत्त्वाची ठरली. 5 डिसेंबर 2005 रोजी क्लार्क यांचा कारखाना अचानक बंद झाला. अमेरिकेतील ब्लँकचा फार मोठा पुरवठा एकाच ठिकाणाहून होत असल्याने सर्फबोर्डच्या जगात तो दिवस ‘ब्लँक मंडे’ म्हणून ओळखला जातो. त्यानंतर पॉलिस्टायरिन फोम आणि इपॉक्सी रेझिन यांच्या जोडीकडे अनेक कारागीर वळले. पॉलिस्टायरिन म्हणजे नाजूक वस्तूंच्या खोक्यात भरलेल्या पांढऱ्या थर्माकोलचाच भाऊबंद; ॲसिटोनसारखा द्रावक पडताच तो खचून विरघळतो. अशा गाभ्यावर द्रावकाचा रंग मारणे म्हणजे घडवलेला आकार गमावणे होय, आणि तेथे पाण्यातल्या रंगाला पर्याय जवळजवळ उरत नाही.

प्रत्यक्ष काम सुरू होते ते स्वच्छतेने. घासल्यावर उरलेली फोमची भुकटी हवेच्या झोताने उडवली जाते आणि घामट बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून फळी हाताळणे टाळले जाते. रंग पाण्याने सैल करून बारीक जाळीतून गाळून घेतात, कारण एखादी गुठळीसुद्धा मिलिमीटरच्या अंशाएवढे तोंड असलेली एअरब्रशची नळी तुंबवते. हत्याराची कळ दाबली की हवा येते आणि ती मागे ओढली की हवेत रंग मिसळतो. म्हणून सराईत कारागीर आधी हवा सोडतो, हात चालता ठेवतो आणि मगच रंग सुरू करतो. थांबतानाही आधी रंग तोडून मग हवा बंद करतो. असे न केल्यास रेषेच्या दोन्ही टोकांना ठिपके पडतात. मऊ फोमवर चिकटपट्टी दाबून लावली तर ती काढताना फोमचे कण उपटते, म्हणून कमी चिकट पट्टी हलक्या हाताने लावून ती स्वतःवरच दुमडत सावकाश ओढली जाते.

या कामातील सर्वांत मोठी चूक म्हणजे हौसेने जाड रंग मारणे. घासलेल्या फोमच्या पृष्ठभागावर उघड्या छिद्रांचे जाळे असते आणि रेझिन त्या छिद्रांत उतरूनच फोमला पकडून ठेवते. रंगाचा जाड थर ही छिद्रे बुजवतो. मग रेझिन फोमला न चिकटता रंगाच्या पापुद्र्याला चिकटते, आणि लाटांच्या माऱ्याखाली कवच गाभ्यापासून सुटून फुगते. म्हणून रंग एकदम न ओतता जवळजवळ कोरड्या तुषारांचे अनेक विरळ हात दिले जातात. फोमवर हा रंग खडूसारखा निस्तेज दिसतो, आणि नवशिका नेमका येथेच फसून आणखी रंग चढवतो. वास्तविक रेझिनने भिजताच तोच रंग गडद आणि खोल दिसू लागतो.

दुसरी चूक घाईची. वरून कोरड्या वाटणाऱ्या रंगाखाली ओल उरली असेल तर पॉलिएस्टर रेझिनचे कडक होणे बिघडते आणि पकडही ढिली पडते. बाष्पीभवन उष्णता शोषून घेत असल्यामुळे ओली जागा हाताच्या पाठीला गार लागते, आणि ही साधी परीक्षा कारागिराच्या उपयोगी पडते. दमट किनारी हवेत रंगवलेली फळी रात्रभर ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते.

ज्यांना ही जोखीम नको असते ते कापड आणि रेझिन चढवून झाल्यावर, घासलेल्या कवचावर रंग देतात आणि त्यावर पारदर्शक थर चढवतात. वरच्या हातासाठी वापरलेल्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये मेणाचा अंश असतो. तो वर तरंगून येत असल्याने पृष्ठभाग नीट घासल्याशिवाय रंग धरत नाही. या पद्धतीत गाभ्याशी असलेली पकड शाबूत राहते, परंतु रंग वरच्या थरात आल्याने ओरखड्यांना लवकर बळी पडतो.

छटा निवडतानाही ऊन विसरून चालत नाही. काळा किंवा गडद निळा रंग उन्हात तापतो, गाभ्यातील हवा प्रसरण पावते आणि कवच सुटू शकते. बहुसंख्य फळ्यांची पार्श्वभूमी पांढरी असण्याचे हे एक सबळ कारण आहे. चमकणारे फ्लोरोसंट रंग डोळ्यांत भरतात, पण उन्हाने फार लवकर फिके पडतात.

पाण्यातला रंग म्हणजे निर्धोक रंग, हा समजही अर्धाच खरा आहे. द्रावकाचा उग्र वास आणि आगीचा धोका त्यात फारच कमी असला, तरी तुषार फुप्फुसांत जातातच, आणि कॅडमियमसारखी विषारी रंगद्रव्ये तर फवारूच नयेत. हत्यार धुतलेल्या पाण्यात प्लास्टिकचे कण असतात. ते पाणी मोरीत न ओतता साठवून, गाळ वाळवून कचऱ्यात टाकणे योग्य होय. नाहीतर ज्या समुद्रासाठी फळी रंगवली, त्याच समुद्रात तो रंग जाऊन मिळतो.

एकूण पाहता, पाण्यातल्या ॲक्रिलिकने सर्फबोर्डच्या कारागिराला स्वस्त, कमी वासाचे आणि फोमला न दुखावणारे साधन दिले आहे. त्याच्या अटी दोनच आहेत, हात विरळ असावा आणि थर पूर्ण वाळलेला असावा.