नळीवाटे दिल्या जाणाऱ्या आहाराची मर्यादा

पक्षाघातानंतर गिळण्याची शक्ती क्षीण होते, तेव्हा नाकातून घातलेल्या किंवा थेट पोटात बसविलेल्या नळीवाटे रुग्णास आहार द्यावा लागतो. अशा ज्येष्ठांची सेवा अनेक श्रावक कुटुंबांत मोठ्या श्रद्धेने होत असते. वैयावृत्त्याची गणना आपल्या धर्माने अंतरंग तपात केली आहे. या तपास थोड्या शास्त्रीय माहितीची जोड आवश्यक आहे.

आपण जेवतो तेव्हा नाक आणि जीभ पहारा देत असतात. नळीने आहार घेणाऱ्याचे हे दोन्ही पहारेकरी बाजूला पडतात. शिवाय त्याचे सारे पोषण बहुधा पोषण-पावडरीच्या एकाच डब्यातून येते. सकाळी एखादे फळ, दुपारी लिंबाचे सरबत अशी भरपाई नसते.

डब्यातील सर्व घटक सारखेच टिकाऊ नसतात. लोह, कॅल्शियम ही खनिजे नष्ट होत नाहीत. जीवनसत्त्वे मात्र नाजूक असतात. ‘क’ जीवनसत्त्व हवेने व उष्णतेने घटते, पाण्यात मिसळल्यावर तर अधिक वेगाने. ‘ब-२’ प्रकाशाने, ‘अ’ प्रकाश व हवेने, तर ‘ब-१’ उष्णतेने कमी होते. ही घट गृहीत धरून उत्पादक काही जीवनसत्त्वे मुळातच थोडी अधिक घालतात. परंतु तो हिशेब थंड जागी ठेवलेल्या बंद डब्याचा असतो, शेगडीशेजारच्या उघड्या डब्याचा नव्हे. ही हानी डोळ्यांना दिसत नाही. रुग्णाचे वजनही टिकून राहते. पण ‘क’ जीवनसत्त्वाची उणीव काही महिने राहिली, तर हिरड्यांतून रक्त येते आणि अंथरुणाला खिळल्याने झालेल्या जखमा लवकर भरत नाहीत.

म्हणून बंद डबे थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावेत. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी आणि वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीत तो संपवावा. पावडर काचेच्या बरणीत ओतू नये. चमचा कोरडा असावा. उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवल्यास आत ओल धरते. पाणी गाळून, उकळून, निववून घ्यावे. कढत पाण्यात पावडर कालवू नये. तयार मिश्रण झाकून फ्रिजमध्ये ठेवावे व २४ तासांच्या आत वापरावे. बाहेर काढलेले मिश्रण ४ तासांत संपवावे, कारण त्यानंतर जंतूंची वाढ होण्याचा धोका असतो. ते पुन्हा गॅसवर उकळू नये.

रात्री अग्नी पेटवायचा नाही, म्हणून काही घरांत दिवसभराचे मिश्रण सकाळीच करून ठेवतात. वस्तुतः ही पावडर शिजवावी लागत नाही. सूर्यास्तापूर्वी उकळून झाकून ठेवलेले पाणी पुरते, आणि लागेल तेवढेच मिश्रण त्या त्या वेळी करता येते. त्यामुळे अन्न टाकून देण्याची वेळही येत नाही.

पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ व हिवाळ्यात ७ दिवस, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकविले जाते. प्रत्येक अन्नास काळाची मर्यादा असते आणि ऋतूप्रमाणे ती बदलते, ही दृष्टी आपल्याला परंपरेनेच दिली आहे. ज्याला चव सांगता येत नाही, त्याच्या अन्नाची मर्यादा सांभाळणे हेही वैयावृत्त्यच होय.