अपरिचित रानऔषधीची ओळख : मुसळी आणि कळलावी

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव गोदावरीच्या खोऱ्यातील होय. जालना जिल्ह्याच्या उत्तरेस मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत. पावसाळ्यात अशा डोंगरउतारांवर नाना प्रकारच्या कंदवनस्पती उगवतात. डोंगराकडून कोणी वाळलेली मुळे घेऊन गावी आला व ती ‘पांढरी मुसळी’ असल्याचे सांगू लागला, तर ते खरे कसे मानावे?

स्थानिक नाव हे ओळखीचे पहिले साधन असले तरी ते सर्वांत दुबळे होय. पांढरी मुसळी या एकाच नावाखाली क्लोरोफायटम प्रजातीतील निरनिराळ्या जाती विकल्या जातात. त्यांपैकी क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम ही जाती संतापाऊ व फर्नांडिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रथम वर्णिली. तिच्या नावात मुंबईचे बोरिवली आहे. तिची मांसल मुळे बुंध्यापासूनच झुबक्याने निघतात. क्लोरोफायटम ट्यूबरोजममध्ये मात्र दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकांस कंद लोंबतात. हा भेद सबंध रोप उपटल्याखेरीज दिसत नाही.

येथे चूक झाल्यास केवळ औषध निराळे ठरेल. परंतु मुसळी म्हणून कळलावीचा कंद पोटात गेल्यास प्राणावर बेतते. कळलावीच्या सर्वांगात, विशेषतः कंदात, कॉल्चिसीन हे विष असते. शिजविल्याने ते नाहीसे होत नाही. खाल्ल्यानंतर काही तासांनी वांत्या व जुलाब सुरू होतात. त्यामुळे प्रारंभी साध्या पोटदुखण्याचा भास होतो.

जुन्या ग्रंथांत या दोन्ही वनस्पती एकाच पलांडु कुलात गणल्या असून दोहोंच्या फुलांत सहा परिदले व सहा पुंकेसर असतात. अर्थात, एका लक्षणावर विसंबून चालत नाही. मुसळीची पाने जमिनीलगत झुबक्याने येतात व फुले लहान, पांढरी असतात. कळलावी ही वेल असून तिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळून आधारास धरते. फूल मोठे, प्रथम हिरवट पिवळे व पुढे तांबडे होते. तिचा कंद दुभंगलेला, नांगरासारखा असतो. म्हणूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. कंदाचे तुकडे करून वाळविले की यांतील एकही खूण उरत नाही.

म्हणून नमुना मुळे, पाने, फुले व शक्यतो फळे यांसह घ्यावा. तो कागदांत दाबून वाळवावा. कागद वरचेवर बदलावेत. फुलाचा ताजा रंग, ठिकाण, जमीन, दिनांक व स्थानिक नाव त्याच वेळी टिपावे, कारण वाळल्यावर रंग राहत नाही. नंतर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळातील मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ आणि वि. ना. नाईक यांचा १९९८ चा मराठवाड्याचा ग्रंथ यांतील वर्णनांशी तो ताडावा. शेवटी वनस्पतिसंग्रहालयातील नमुन्यांशी मिळवून पाहावा.

फुलाशिवाय आलेल्या मुळाचे नाव घाईने सांगू नये. ‘ओळख पटली नाही’ हेही एक शास्त्रीय उत्तर आहे. आणि ते मिळाले असता मूळ तोंडात न घालणे, हाच त्याचा व्यवहारातील अर्थ होय.