समुद्रापर्यंत न पोचलेलं पाणी

बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठावर सायकल घेऊन उतरणाऱ्या माणसाला त्याचे डोळेच पहिल्यांदा फसवतात. समोर क्षितिजावर एक काळपट ठिपका दिसतो. ते इंकावासी नावाचं बेट, उंच उंच निवडुंगांनी भरलेलं. वाटतं, तासाभरात गाठू. दोन तास पेडल मारलं तरी ठिपका ठिपकाच राहतो. हवेत धूळ नाही, बाष्प नाही, वाटेत झाड नाही की विजेचा खांब नाही. अंतराचा अंदाज यावा असं डोळ्यांना काहीच सापडत नाही. खाली सुमारे १०,५०० चौरस किलोमीटर नुसतं मीठ. गोव्यासारखी जवळजवळ तीन राज्यं मावतील एवढ्या या पसाऱ्यात सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागेतला फरक एक मीटरसुद्धा भरत नाही. बर्फाच्या थरांची उंची मोजणाऱ्या उपग्रहांची उपकरणं बरोबर चालली आहेत का, हे शास्त्रज्ञ याच मिठावर ताडून पाहतात, इतकं ते सपाट आहे. आणि ही सगळी सपाटी आहे समुद्रसपाटीपासून ३,६५६ मीटर उंचीवर.

इथून दक्षिणेला निघून चिलीतल्या सान पेद्रो दे अताकामा गावात उतरणारी सुमारे ५०० किलोमीटरची वाट जगभरच्या सायकलस्वारांना तलावांची वाट म्हणून ठाऊक आहे. चांगल्या डांबरी रस्त्यावर हे चार-पाच दिवसांचं काम. इथे आठ-दहा दिवस सहज जातात, आणि त्यातला बराच वेळ सायकल ढकलण्यात. मीठ, वाळू, वारा, तहान, होरपळवणारं ऊन, न शिजणारी डाळ अशी त्रासांची भली मोठी यादी या वाटेवरून आलेला प्रत्येक जण सांगतो. मला थक्क करते ती वेगळीच गोष्ट. या यादीतला जवळजवळ प्रत्येक त्रास एकाच घटनेतून निघालेला आहे: इथली जमीन आभाळाकडे उचलली गेली आणि तिच्यावर पडलेल्या पाण्याला समुद्राकडे जायला वाट उरली नाही.

पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का भूपट्ट कोट्यवधी वर्षं दक्षिण अमेरिकेच्या खाली सरकतो आहे. त्या रेट्याने वरचं भूकवच चुरमडलं, जाड होत गेलं, काही ठिकाणी तर ७० किलोमीटरपर्यंत. जाड झालेलं कवच वर उचललं गेलं आणि अँडीज पर्वताच्या पूर्व आणि पश्चिम रांगांच्या मधोमध एक अवाढव्य पठार तयार झालं. ते आल्तिप्लानो, तिबेटनंतरचं जगातलं सर्वांत मोठं उंच पठार. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या भिंती असल्याने आत पडलेला पाऊस आतच राहतो. टिटिकाका सरोवराचं जास्तीचं पाणी देसाग्वादेरो नदी दक्षिणेला पोपो तलावात नेऊन टाकते आणि तिथून ते उडून जातं. पाणी वर जातं, त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी, हवा आजच्यापेक्षा ओली असताना, उयुनीच्या जागी पन्नासेक हजार चौरस किलोमीटरचा तलाव होता. शास्त्रज्ञ त्याला ताउका म्हणतात. त्याचं जे उरलं, त्यावरून आज सायकलींच्या चाकोऱ्या जातात.

सायकल आडवी टाकून या मिठावर गुडघे टेकून पाहावं. पांढऱ्या पृष्ठभागावर पंचकोन, षट्कोन एकमेकांना चिकटून दूरवर पसरलेले असतात, प्रत्येक एक-दोन मीटर रुंद. त्यांच्या कडा बोटभर वर आलेल्या, खडबडीत, नखाने उकरलं तर स्फटिकांचे कण सुटे होणाऱ्या. चाक कडेवरून गेलं की करकर वाजतं आणि हँडलला हलकासा धक्का बसतो. दिवसभरात असे हजारो. जगात जिथे जिथे मिठाची वाळवंटं आहेत तिथे हे आकार साधारण याच मापाचे का असतात, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. मीठ वाळून तडकलं म्हणावं, तर तड्यांचं माप जागोजागी वेगळं यायला हवं. २०२३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू एक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, कॅलिफोर्नियातल्या खारट वाळवंटांत मोजमापं घेऊन, याचं उत्तर जमिनीच्या आत शोधलं गेलं. मिठाच्या थराखालच्या गाळात खारं पाणी असतं. वरून बाष्पीभवन होत राहिल्याने वरचं पाणी जास्त खारट, म्हणून जड होतं आणि खाली बुडतं. त्याची जागा घ्यायला खालचं कमी खारट पाणी वर येतं. असे फिरते प्रवाह शेजारी शेजारी दाटीने बसले की त्यांच्या सीमा षट्कोनी होतात. जिथे अतिखारट पाणी बुडतं त्या सीमेवर मीठ जास्त साचतं आणि कड वर येते. म्हणजे सायकलला बसणारा प्रत्येक धक्का खाली चाललेल्या एका संथ अभिसरणाची सीमारेषा दाखवतो! हे एकदा वाचल्यावर त्या षट्कोनांकडे नुसती नक्षी म्हणून बघणं मला अशक्य झालं आहे.

पावसाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि आभाळ जमिनीवर उतरल्यासारखं दिसतं. छायाचित्रं काढणाऱ्यांची तेव्हा झुंबड उडते. सायकलवाले मात्र तो काळ टाळतात. खारं पाणी चेन, बेअरिंग, केबल, कशालाच सोडत नाही.

मीठ संपलं की चढ लागतो आणि शरीराची परीक्षा सुरू होते. ४,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के. पण प्रत्येक श्वासात येणारी हवाच कमी. शरीर याला जे उत्तर देतं, ते टप्प्याटप्प्याने. पहिल्या काही तासांत श्वास खोल आणि जलद होतो. मूत्रपिंडं एक संप्रेरक सोडतात आणि हाडांतला मगज जादा तांबड्या पेशी घडवू लागतो, पण हे काम आठवड्यांचं. तोवर रात्री तंबूत श्वास काही क्षण थांबतो, मग धाप लागून जाग येते. ३,००० मीटरच्या वर रोज मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा नियम इथे जिवाशी निगडित आहे. शेजारी निवांत चरणाऱ्या विकुन्या या उंटाच्या कुळातल्या नाजूक प्राण्यांना यातलं काहीच जाणवत नाही, कारण त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मुळातच ऑक्सिजनला जास्त घट्ट धरणारं आहे.

दाब कमी म्हणून पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. स्टोव्हवर डाळ तासभर रटरटली तरी दाताखाली टणकच लागते, आणि इंधन मात्र संपतं. म्हणून सामानात असतात शेवया, ओट्स आणि या खारट मातीत पिकणारा क्विनोआ. इथल्या आयमारा आणि केचुआ लोकांनी तर या हवेलाच स्वयंपाकी केलं. बटाटे थंडीच्या रात्री उघड्यावर पसरून गोठवायचे, सकाळी पायाने तुडवून त्यांतलं पाणी काढायचं, दिवसाच्या कडक उन्हात वाळवायचे. तयार होणारा चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. ज्या गोठवणाऱ्या रात्री आणि कोरडं ऊन सायकलस्वाराला नकोसं होतं, त्यांतून या लोकांनी दुष्काळाची बेगमी केली. अँडीजमधल्या सगळ्या शोधांत मला हा सर्वांत मोठा वाटतो.

रस्ता म्हणावा असा रस्ता इथे नाही. पर्यटकांच्या जीपगाड्यांनी उमटवलेल्या चाकोऱ्या आहेत, कुठे वाळूत, कुठे पन्हळी. हातभर अंतरावर एकामागून एक उंचवटे, मैलोन्‌मैल. हे गाड्यांच्या स्प्रिंगमुळे होत असावं असा सर्वसाधारण समज. २००७ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर साधं चाक चालवून दाखवलं, की स्प्रिंग नसली तरी पन्हळी उमटतातच, फक्त वेग एका मर्यादेच्या वर हवा. चाक बारीकशा उंचवट्यावरून उडतं, पलीकडे आदळून वाळू पुढे ढकलतं आणि तिथे नवा उंचवटा तयार होतो. जिथे नियमित पाऊस पडतो तिथे माती दबते, घट्ट बसते. इथे कोरडी वाळू सुटीच राहते. वेगात जाणारी जीप उंचवट्यांच्या माथ्यांवरून तरंगत जाते. ताशी आठ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला प्रत्येक खळग्यात उतरून वर यावं लागतं. कॅरियरचे नट ढिले होतात, मनगटं सुजतात. मऊ वाळू लागली की चाकातली हवा कमी करायची. टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब देतो जेवढा त्याच्या आत असतो. हवा कमी केली की तो पसरतो, आणि रुततो कमी. तेही चालेनासं झालं की उतरायचं आणि ढकलायचं.

आज निदान रुंद टायर आहेत, बारीक गिअर आहेत. मुंबईचे फ्रामरोझ दावर १९२४ साली सायकलवरून जगप्रवासाला निघाले, युरोपात भेटलेल्या एका साथीदारासह त्यांनी सहारा ओलांडला, आणि पुढे दक्षिण अमेरिकेत येऊन अँडीज आणि अॅमेझॉनचं खोरंही पार केलं. त्या काळच्या सायकली डोळ्यांसमोर आणल्या की त्यांच्याबद्दलचा आदर कैक पटींनी वाढतो. मराठी घरांत हे नाव फारसं माहीत नाही, याची खंत वाटते.

दुपारी वारा सुटतो आणि तो बहुतेक पश्चिमेचा. सकाळी हवा निपचित असते. सूर्य चढला की उघडी जमीन झपाट्याने तापते, तापलेली हवा वर उसळते आणि उंचावर वाहणारे जोरदार पश्चिमी वारे त्या घुसळणीत खाली ओढले जातात. चार वाजेपर्यंत सायकल सरळ उभी ठेवणं मुश्कील. म्हणून शहाणे लोक पहाटे निघतात, उणे १५ अंशांत. पिण्याचं पाणी गोठू नये म्हणून बाटल्या रात्री झोपायच्या पिशवीत घेतात. ते पाणी बरोबर न्यावंच लागतं, कधी आठ-दहा लिटर, कारण वाटेवरच्या बहुतेक तलावांचं पाणी तोंडात घेण्यासारखं नाही.

त्या तलावांपैकी सर्वांत थोरला लागुना कोलोरादा. सुमारे ६० चौरस किलोमीटर, खोली बहुतेक ठिकाणी गुडघ्याच्या आतबाहेर, आणि रंग विटकरी लाल. मधे बोरॅक्सची पांढरी बेटं. पाण्याला वाट नाही, क्षार वाढत जातात, मासे टिकत नाहीत आणि राज्य येतं मिठाची आवड असलेल्या सूक्ष्म जिवांचं. तीव्र उन्हापासून बचाव म्हणून हे जीव तांबडी-केशरी रंगद्रव्यं तयार करतात. जून २०२० मध्ये बुलढाण्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं, तेही असंच बंदिस्त आणि खारं, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासल्यावर तिथेही असेच लवणप्रेमी सूक्ष्मजीव सापडले. याच रंगद्रव्यांनी रोहित पक्ष्यांची पिसं गुलाबी होतात. जेम्स रोहित ही इथली जात नामशेष झाली असं पक्षीशास्त्रज्ञ समजून चालले होते. १९५० च्या दशकात ती या भागात पुन्हा सापडली. इतक्या उंचीवर, इतक्या आडबाजूला हजारो पक्षी राहत होते आणि बाहेरच्या जगाला पत्ता नव्हता.

पुढे जवळजवळ ४,९०० मीटरवर सोल दे मान्यानाची उकळत्या चिखलाची कुंडं लागतात. मग दक्षिण टोकाला हिरवट लागुना व्हेर्दे आणि तिच्यामागे ५,९१६ मीटरचा लिकानकाबूर ज्वालामुखी. या शिखरावरच्या उपकरणांनी २९ डिसेंबर २००३ रोजी अतिनील किरणांचा निर्देशांक ४३.३ नोंदवला. ११ च्या वरचा आकडा अतिधोकादायक मानतात. विरळ हवा, नगण्य बाष्प आणि जवळजवळ डोक्यावरचा सूर्य असताना त्या काळात वरच्या ओझोनच्या थरातही घट झाली होती. सायकलस्वारांचे ओठ फुटतात, नाकाचा शेंडा सोलवटतो, ते याच आकाशाखाली.

सीमा ओलांडली की अचानक डांबर, आणि ४० किलोमीटरभरात २,००० मीटरहून अधिक उतार. ब्रेक तापतात, कान दडे बसून सुटतात, आणि काही तासांतच श्वास सहज येऊ लागतो. खाली अताकामा, त्याहूनही कोरडं. पूर्वेचं बाष्प अँडीज अडवतो, पश्चिमेचा थंड हम्बोल्ट प्रवाह ढग वर चढू देत नाही. म्हणूनच डावीकडे चाहनान्तोरच्या पठारावर ५,००० मीटरवर आल्मा दुर्बिणीच्या ६६ अँटेना उभ्या आहेत. अवकाशातून येणाऱ्या मिलिमीटर लांबीच्या लहरी बाष्प शोषून घेतं. इथे ते जवळजवळ नाहीच.

सान पेद्रोत पाट वाहताना दिसतात, त्यांच्या काठी झाडं. डोंगरांतून आलेली ती छोटी नदीसुद्धा समुद्र गाठत नाही. गावाखालच्या सालार दे अताकामाच्या मिठात ती जिरून जाते. त्या मिठाखालच्या खाऱ्या पाण्यात लिथियम आहे, जगातल्या सर्वांत समृद्ध साठ्यांपैकी एक. ते पाणी उपसून उन्हात तळ्यांमध्ये आटवतात आणि घट्ट झालेला द्राव ट्रकमधून किनाऱ्याजवळच्या अंतोफागास्ताच्या कारखान्यांकडे जातो. हजारो वर्षं नद्यांना जे समुद्रापर्यंत नेता आलं नाही, ते आता बॅटऱ्यांसाठी तिकडे निघालं आहे. आसपासच्या आदिवासी गावांना भीती आहे की या उपशाबरोबर त्यांचे झरे आणि रोहितांची तळीही आटतील, आणि ज्या भूमीत प्रत्येक थेंबाचा हिशेब जमिनीवर मिठाने लिहिलेला दिसतो, तिथे ही भीती मला अगदी रास्त वाटते.